राखेतला ॲक्सल

मुळशी तालुक्यातील समस्त नागरिक, वाहनधारक, बैलगाडीवाले आणि पादचारी यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, माले गावाच्या वरच्या खडकाळ चढावर, एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, एका जुन्या जीपच्या पुढच्या ॲक्सलचे निधन झाले. मृत्युसमयी त्याचे वय माझ्या लग्नापेक्षा थोडे जास्त होते. त्याच्या पश्चात एक जीप, दोन चाके आणि मी असा परिवार आहे. अंत्यविधी वेळेवर होऊ शकला नाही, कारण मयताला मी महिनाभर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली लपवून ठेवले होते.

का लपवलं, ते आता सांगतो. ते सांगताना माझा आवाज वरच्यासारखा राहणार नाही.

मी सूसला राहतो. आम्ही सात-आठ जण, सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, दर रविवारी मुळशीच्या डोंगरात गाड्या चढवायला जातो. चांगला रस्ता असताना तो सोडून दगडधोंड्यांतून जाण्याला आम्ही खेळ म्हणतो. माझी बायको त्यासाठी दुसरा शब्द वापरते. गाडी चढवण्यात माझा नंबर शेवटचा, पण चढाची गोष्ट सांगण्यात पहिला. गटाने मला ठेवून घेतलं आहे ते त्यासाठीच, अशी माझी समजूत आहे.

एकदा पौडच्या गॅरेजवाल्याने मला हाताला धरून जीपच्या समोर उभं केलं आणि म्हणाला, “आता तुमीच बघा.” पुढची चाकं वरून आत आणि खालून बाहेर गेली होती. फताडे पाय टाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी गाडी दिसत होती. या दोन चाकांच्या मधे एक आडवी पोलादी नळी असते. चाक फिरवणारा दांडा तिच्या आतून जातो आणि गाडीचं पुढचं सगळं वजन तिच्यावर असतं. नळीच्या मधल्या भागात ओतीव लोखंडाचा एक मोठा गोळा असतो, त्यात दातेरी चक्रं. हे सगळं मिळून ॲक्सल. आमच्या रविवारांनी ती नळी वाकवली होती.

“नुसती सरळ केली तर परत वाकनार,” गॅरेजवाला म्हणाला. “आतनं दुसरी नळी घालाया लागंल.”

बाहेरच्या नळीच्या आत अगदी घट्ट बसेल अशी जाड नळी लेथवर तासून घ्यायची. ती आत ठोकायची. बाहेरच्या नळीला भोकं पाडायची आणि त्या भोकांमधून वेल्डिंग भरत जायचं, म्हणजे दोन्ही नळ्या एकजीव होतात. मांडीचं हाड मोडलं की डॉक्टर आत सळई घालतात, तसंच हे.

“हे काम हितं एकच माणूस करतो,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, “पर जायाचं तर लवकर जावा.”

तो माणूस म्हणजे पौडकडून मालेकडे जाताना रस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडचा मालक. वय सत्तरीच्या जवळ. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. शेडच्या मागे घर, घराच्या मागे मुलाने बांधलेल्या आठ खोल्या. त्या खोल्यांत कंपन्यांत आणि हॉटेलांत काम करणारी माणसं भाड्याने राहतात. मुलाला शेड पाडून रस्त्याच्या कडेला आणखी खोल्या काढायच्या होत्या.

मी आधी त्या मुलाबद्दल वाईट मत करून घेतलं. ते चुकीचं होतं. मामांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. आदल्या वर्षी त्यांनी लाल झालेल्या लोखंडी पट्टीवर उघडा तळवा टेकवला होता. लोखंड लाल आहे हेच त्यांना दिसलं नव्हतं. त्या तळव्यावरची कातडी अजून पातळ आणि चकचकीत होती. खोल्या हे निमित्त होतं. मुलाला बापाला त्या आगीपासून लांब न्यायचं होतं.

मी माझी वाकडी नळी घेऊन गेलो तेव्हा बापलेकांचं भांडण ऐन रंगात आलं होतं. त्यात मी आयताच सापडलो.

“हे शेवटचं काम, आबा,” मुलगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “ह्यांच्या गाडीचं टिकलं तर मी परत शेडचं नाव काढनार न्हाई. तुटलं तर शेड पाडायची. तुमी हितं बाजंवर बसायचं.”

“चालंल,” मामा म्हणाले.

“सायबांच्या म्होरं बोलताय, ध्यानात ठिवा.”

“सायबांच्या म्होरं बोलतोय म्हनून तर बोलतोय. न्हाईतर तू फिरशील.”

अशा रीतीने माझ्या जीपच्या हाडात एका माणसाचं दुकान येऊन अडकलं. मला फार मजा वाटली. साक्षीदार व्हायला मला नेहमीच आवडतं.

पुढचे चार दिवस मी कामधंदा सोडून त्या शेडमध्ये पडीक होतो. नळी साखळीने बांधून, खाली जॅक लावून, कणाकणाने सरळ केली गेली. आतली नळी पिरंगुटला एका लेथवाल्याकडून तासून आणली. ती बाहेरच्या नळीत जाईना, एका केसाने अडली. मी म्हणालो, परत तासून आणू. मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि नळी उचलून थेट स्वयंपाकघरात नेली.

मामी भाकरी करत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “मटार काडून ठिवा बाहेर. आन् खोबरं सांडू नका.”

फ्रीजरमधून मटार आणि खोबरं बाहेर आलं आणि माझ्या जीपचं हाड आत गेलं. गार लोखंड आकसतं आणि तापलेलं फुगतं, एवढाच त्यातला विचार. दुसऱ्या दिवशी मामा गॅसच्या ज्योतीने बाहेरची नळी तापवत बसले. त्यांनी हाक मारली की मी फ्रीजरमधली नळी गोणपाटात धरून पळत शेडमध्ये आणायची, असं ठरलं. मधे अंगण, एक शेळी आणि दोन पायऱ्या. मी पळताना ओरडत होतो की, बाजूला व्हा, रुग्णाला घेऊन येतोय.

“सायेब, भाषान नंतर,” मामा म्हणाले. “नळी गरम व्हतीया.”

ती नळी सरळ आत गेली. हातोड्याचे तीनच ठोके पडले. मामांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही, पण त्यांनी तोंडातली विडी पेटवायची राहिली होती ती पेटवली.

वेल्डिंगच्या वेळी मी नेमकं त्यांच्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर काळ्या काचेचा मुखवटा, मान थोडी तिरकी, उजवा कान कामाकडे. मी विचारलं, असं का?

“आयका की. भजी तळल्यागत आवाज याया पायजे. फटफट वाजलं म्हंजे रॉड लांब गेला. आवाज बंद पडला म्हंजे चिकाटला.”

म्हणजे ते ऐकून जोडत होते. एकामागून एक भोक भरत गेलं आणि खरंच, शेडमध्ये चार माणसांपुरती भजी तळली जात असावीत असा आवाज येत राहिला. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

शुक्रवारी दुपारी शेवटचा जोड झाला. नळी जिथे मधल्या ओतीव गोळ्याला मिळते, तिथला. मामा म्हणाले, सगळं काम एकीकडे आणि हा जोड एकीकडे. ओतीव लोखंड हे तापट माणसासारखं असतं, त्याला आपल्या गतीने गार होऊ द्यावं लागतं. बाहेरून झटकन गार पडलं आणि आत गरम राहिलं की त्याला तडा जातो. म्हणून त्यांची एक पद्धत होती. मामी न्हाणीघरातल्या बंबात भाताचं तूस जाळत आणि त्याची राख पोत्यात भरून ठेवत. एक मोठं पिंप उभं चिरून केलेली पन्हळ होती. तिच्यात तळाला राख, त्यावर तो गरम ॲक्सल, वर पुन्हा वीतभर राख आणि त्यावर गोणपाट. तुसाच्या राखेत ऊब रात्रभर टिकते. मामा राख चेपत होते ती बाळंतिणीच्या अंगावर पांघरूण नीट करावं तशी.

“उद्या सकाळपातुर हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले. “उद्या तुमीच काडा. गार दगडागत लागला पायजे.”

मग घरातली सगळीच नात्यातल्या साखरपुड्याला निघाली. मला म्हणाले, चहा घ्या, बसा, जाताना पत्र्याचं दार तेवढं ओढून घ्या. त्यांनी शेड माझ्या भरवशावर टाकली.

तीन वाजता गॅरेजवाल्याचा फोन आला. आज पाचच्या आत आणलंत तर लगेच जोडायला घेतो, उद्या दुपारी गाडी तुमच्या ताब्यात. उद्या आणलंत तर जमणार नाही, दुपारनंतर मी गावाला चाललोय, मग बुधवार.

बुधवारने जगाचं काहीही बिघडत नव्हतं. मामांचं नाही, मुलाचं नाही, जीपचंही नाही. पण मी गटात जाहीर करून बसलो होतो की, येत्या रविवारी मालेच्या वरच्या चढावर माझी गाडी सगळ्यांच्या पुढे असेल. तेवढ्यासाठी मी गोणपाट बाजूला केलं आणि फावड्याने राख ओढली. ॲक्सल धरवेना. मोरीजवळ पाण्याची टाकी होती. मी एक बादली भरून आणली आणि जोडावर ओतली.

इतकी वाफ उठली की मला शेड दिसेनाशी झाली. मग दुसरी बादली. ती संपता संपता एक आवाज आला. स्टीलच्या पेल्यावर नखाने टिचकी मारावी एवढाच.

मी तो ऐकला. आणि मी स्वतःला समजावलं की लोखंड गार होताना वाजतंच. मी भल्याभल्यांना काहीही पटवू शकतो. त्या दिवशी समोर कुणी नव्हतं, म्हणून स्वतःला पटवलं. रस्त्यावरचा एक टेम्पो थांबवून ॲक्सल त्यात चढवला, रिकाम्या पन्हळीतली राख पुन्हा सारखी केली, गोणपाट घातलं, दार ओढून घेतलं आणि पाचच्या आत पौडचं गॅरेज गाठलं. शनिवारी सकाळी मामांना फोन करून सांगितलं की, तुम्ही झोपेत होता, उठवलं नाही, आत्ताच येऊन घेऊन गेलो.

“गार हुता ना?” त्यांनी विचारलं.

“दगडासारखा,” मी म्हणालो.

रविवारी मामा चढाच्या पायथ्याशी आले ते इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून. मुलगा माझ्या शेजारी जीपमध्ये बसला. त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. मी पहिला टप्पा चढलो, दुसरा चढलो, आणि अर्थातच त्याचं धावतं वर्णन मोठ्याने करत होतो. तिसऱ्या टप्प्यावर डावं चाक एका धोंड्यावर चढलं आणि खाली आपटलं. आवाज फार मोठा नव्हता. चाक कलंडलं, गाडी त्या बाजूला बसली आणि खडकावरून काळं तेल ओघळायला लागलं. कुणाला काही लागलं नाही.

मुलगा उतरला आणि गाडीखाली वाकून बघितलं. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता. मला वाटतं, बापाला काय सांगायचं ते तो ठरवत होता. मग उभा राहून त्याने खाली हाक दिली, “आबा, जोडापाशीच गेलंय.”

मामा वर आले नाहीत. ते तिथेच एका दगडावर बसले. आम्ही खाली उतरून त्यांच्यापाशी गेलो तेव्हा टोपी त्यांच्या गुडघ्यावर होती.

“शेवटला जोड मला नीट दिसला नसंल,” ते म्हणाले. “मला वाटलं दिसतोय.”

कुणीही त्यांना दोष दिला नव्हता. मुलगा खाली मान घालून उभा होता. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठेही नव्हता. सगळं सांगून टाकायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “होतं असं कधीकधी, मामा.”

त्या महिन्यात मी मालेच्या चढाचा किस्सा सात वेळा सांगितला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका बारशाला, गटाच्या जेवणावळीत. फ्रीजरमधले मटार, गोणपाट घेऊन पळणारा मी, भज्यांचा आवाज, अंगणातली शेळी, सगळं साग्रसंगीत. लोक पोट धरून हसले. सातही वेळा त्या किस्स्यात बादली नव्हती. सातव्या वेळी हसून हसून डोळे पुसत एकाने विचारलं, “पण आंधळ्या माणसाकडे वेल्डिंगला गेलास कशाला रे?” आणि सगळे आणखी हसले. मी पण हसलो. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. बायकोने काय झालं विचारलं, तर मी तिला बादलीचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “आणि ते तुला मामा म्हणू देतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या रस्त्याने गेलो. मनात अजून नक्की काही नव्हतं, नुसतं बघून यावं असं होतं. शेडसमोर विटांचा ट्रॅक्टर उभा होता. दोन माणसं विटा उतरवत होती आणि शेडचं दार निखळून भिंतीला टेकवलेलं होतं. मामा बाजेवर बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. मी थांबलो नाही. सूसला परत आलो, ताडपत्री काढली, दोन वॉचमनच्या मदतीने तो तुटका ॲक्सल बायकोच्या गाडीच्या डिकीत घातला आणि तासाभरात परत तिथे होतो.

शेवट काय झाला ते आत्ताच सांगून टाकतो, कारण नंतर मला थांबता येणार नाही. शेड आज आहे. खोल्याही झाल्या, पण मागच्या बाजूला. मामांनी पावसाळ्यानंतर डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. मुलगा त्यांच्यासोबत दवाखान्यात गेला आणि अजूनही ते काम करताना दारात उभा राहतो. माझ्याशी तो अजून मोजकंच बोलतो, आणि ते बरोबर आहे.

तर मी डिकी उघडली आणि विटा उतरवणाऱ्यांच्या देखत, मामींच्या देखत, सगळं सांगितलं. फोन, राख, पहिली बादली, दुसरी बादली, तो आवाज, शनिवारचं खोटं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट हातवारे न करता सांगितली.

मुलगा हातातली वीट तशीच धरून जवळ आला. “म्हैनाभर?” तो म्हणाला. “म्हैनाभर तुमी गप बसला? मानूस जेवत न्हाई हितं नीट.”

“हो,” मी म्हणालो.

“आन् वर हसत फिरला असाल.”

“हो.”

तो आणखी काही बोलणार होता. मामांनी हात वर केला आणि तो थांबला. त्यांनी त्या दिवसापासून तुटलेला तुकडा बघितलाच नव्हता. लाजेने बघितला नव्हता, आणि मुलाने दाखवलाही नव्हता. आम्ही दोघांनी उचलून तो त्यांच्यापुढे बाजेवर ठेवला.

त्यांनी आधी तो बघितला नाही. भाजलेल्या हाताचा अंगठा जोडावर ठेवला आणि हळूहळू नळीभोवती फिरवत नेला. पूर्ण एक फेरा. मग तडा लागला तिथे थांबले आणि तड्याच्या कडेने उलटे आले.

“पानी कितीसं?”

“दोन बादल्या.”

“टाकीतलं?”

“टाकीतलं.”

“सावलीतली टाकी हाय ती. लई गार पानी असतं,” ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. मग मुलाचा हात धरून त्याचा अंगठा त्याच जागी ठेवला. “हितं बघ. जोड तसाच हाय. त्याच्या पल्याडचं वतीव लोखंड फाटलंय. जोड सुटलेला न्हाई.”

मुलाने अंगठा फिरवला. वाकून बघितलं. पुन्हा फिरवला.

“व्हय,” तो म्हणाला. “पर आबा, जोड चांगला निघाला म्हनून डोळा चांगला ठरत न्हाई.”

मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते उभे राहिले होते, एक हात ॲक्सलवर आणि तोंड घराच्या दाराकडे, जिथे मामी पदराला हात पुसत उभ्या होत्या. माझ्यावर ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून तयार होतो. त्यांना माझी आठवणही नव्हती.

“अगं ए,” ते म्हणाले, “मला दिसतंय गं.”